उंबरठ्यासाठी आलेला माणूस

आधीच गळ्याची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी जप्त करा.

माझा नातजावई सुतार. एका मोठ्या संस्थेतून त्याला फोन आला, व्यायामाच्या प्रयोगशाळेच्या दाराचा उंबरठा झिजलाय, बदलून हवा. काम पसंत पडलं तर इमारतीतली बावीस दारं त्याचीच. दोन महिने घरी बसलेल्या माणसाला आणखी काय हवं! निघताना नातीनं बजावलं, "मोठी माणसं आहेत. सांगतील ते निमूट करायचं. शहाणपण नको."

यानं हत्यारांची पिशवी दाराशी ठेवली, तोच आतून डॉक्टरीणबाई आल्या.

"उंबरठ्यासाठी आलात ना?"

"हो, बाई."

"या, या! बारावे आणि शेवटचे तुम्ही. पाचला अहवाल द्यायचाय मला."

आता बाईंचा उंबरठा निराळा. तंदुरुस्त माणूस सायकल मारताना कुठवर सहज दम धरतो आणि कुठून त्याचं शरीर कुरकुरायला लागतं, त्या जागेला त्या उंबरठा म्हणायच्या. तो मोजून घ्यायला एक धावपटू यायचा होता. त्याला झाला उशीर.

बाईंनी फॉर्म काढला. "रोज किती तास घाम गाळता?"

"आठ. रविवारी सुट्टी."

"आठ! कधीपासून?"

"शाळा सुटल्यापासून. वडिलांच्या हाताखाली."

"म्हणजे वडीलही यातलेच?"

"आजोबासुद्धा."

बाईंनी फॉर्मवर 'घराणं' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग त्याला सायकलवर बसवलं, तोंडाला मास्क लावला. मोठ्या ठिकाणी कामाआधी माणूस पारखून घेत असतील, असं म्हणून हा पाय मारू लागला. बाईंनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, तेव्हा मात्र त्याच्यानं राहवेना.

"इथं करारावर सही रक्तानं करतात वाटतं?"

"बोलत राहा. बोलणं जड जायला लागलं की पहिला उंबरठा. बोलती बंद झाली की दुसरा."

बोलायला सांगितलंय म्हटल्यावर काय! दर मिनिटाला बाई सायकल जड करायच्या आणि मास्कच्या आतून हा विचारायचा, "सागवान घालू का?"

"घाला, घाला! जोर घाला!"

"पॉलिश?"

"शेवटी, शेवटी!"

इकडे बाहेर धावपटू आला. दारात शिपाईमामा सुताराची वाट बघत उभे.

"उंबरठ्याचे ना तुम्ही? किती हा उशीर!"

"सॉरी मामा."

"सॉरी राहू दे. ती पिशवी घ्या आणि लागा कामाला. बाई घाईत आहेत."

अंग गरम करायचा हा नवा प्रकार असेल, असं धावपटूला वाटलं. त्यानं हातोडा उचलला. माणूस जिद्दीचा, पाऊण तासात उंबरठा उपटून बाजूला केला.

आत नातजावई घामानं निथळत उतरला. बाईंनी आलेख पाहिला आणि खुर्चीच गाठली. आधीच्या अकरा जणांत इतक्या उशिरा कुणाचंच बोलणं थांबलं नव्हतं. फॉर्मवर एकच रकाना उरला होता.

"व्यवसाय?"

"सुतार. तुम्हीच नाही का बोलावलंत, दाराच्या उंबरठ्याला?"

बाई धावत दाराशी गेल्या. उंबरठा भिंतीला टेकून उभा आणि धावपटू जमिनीवर बसलेला. दमल्या माणसाची चाचणी होत नाही, आणि घड्याळात साडेचार. बाईंनी पुन्हा नियम वाचले. 'तंदुरुस्त प्रौढ' एवढंच लिहिलं होतं, पळणारा की रंधा मारणारा ते कुठंच नव्हतं. बारावा क्रमांक सुताराच्या नावावर चढला.

"बाई, म्हणजे मी पास ना? दारं मिळणार?"

"बावीसही तुमचीच! फक्त हा उंबरठा आधी बसवा, मला घरी जाताना अडखळायचं नाहीय."

त्यानं चौकट निरखून पाहिली. "काढलाय सुबक हो. एक ओरखडा नाही." मग धावपटूकडे वळला. "येता का माझ्या हाताखाली? बावीस आहेत."

धावपटूला इतकी धाप लागली होती, की त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तसाच उठला आणि निघून गेला.

बरं, न्या माझी कवळी. एवढं शेवटचं खोटं आहे. शब्द चांगले खणखणीत फुटले, शिपाईमामांनी कान झाकेपर्यंत फुटले. लिहिण्याजोगे नव्हते, म्हणून गिळले. पण बाईंच्या हिशेबानं बघाल तर त्या बिचाऱ्यानं पहिला उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता.