पेशीपटलाबाहेरच्या कलाबाई

सुरतेच्या एका विज्ञान महाविद्यालयात कार्यालयाच्या खिडक्यांना जाळी होती आणि प्रत्येक जाळीला एक भोक, सहा इंच रुंद, चार इंच उंच. जीवशास्त्राच्या उज्ज्वलाबाईंनी ते पट्टीने मोजले होते. त्यातून कागद आत जाई, हात मनगटापर्यंत जाई. माणूस बाहेरच राही.

१९७७च्या जानेवारीत बाई वर्गात पेशीपटलातली ग्राही प्रथिने शिकवत होत्या. असे प्रथिन पटलात आरपार रुतलेले असते. डोके बाहेर, शेपूट आत. ठरलेल्या आकाराचा रेणू डोक्यावर बसला की शेपूट हलते आणि पेशीत काम सुरू होते. रेणूने आत जायची गरज नसते.

प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणाऱ्या, लिंबायत वस्तीतल्या कलाबाई अकरा वर्षे हंगामी होत्या. मार्चअखेर त्यांना पंचेचाळीस वर्षे पुरी होणार होती आणि त्यानंतर नियमाने कायम होता येत नव्हते. त्यांचा अर्ज हेडक्लार्क मगनभाईंनी भोकातूनच परत सरकवला. डावीकडे समास नव्हता. समास सोडून आणला, तर तीन प्रती नव्हत्या.

उज्ज्वलाबाईंनी त्यांना शांतपणे समजावले, की आकार जुळल्याशिवाय ग्राही हलत नाही. हलले की आत सगळे आपोआप होते.

"मंग आत कोन शे, बाई?" कलाबाईंनी विचारले.

हे अभ्यासक्रमात नव्हते.

कलाबाई रोज खिडकीशी जाऊ लागल्या. गर्दी होते म्हणून तीनपैकी दोन खिडक्या बंद झाल्या. उज्ज्वलाबाई हरखल्या. संप्रेरकाचा मारा फार झाला, की पेशीसुद्धा आपली ग्राही प्रथिने आत ओढून घेते! त्यांनी हे कलाबाईंच्या नावानिशी वर्गात सांगितले. पोरांनी टाळ्या पिटल्या. तुम्ही-आम्ही असतो तर आपणही पिटल्या असत्या. उदाहरण चपखलच होते.

कार्यालयाची एवढी जाण असलेली व्यक्ती म्हणून प्राचार्यांनी उज्ज्वलाबाईंना हंगामी जागांच्या समितीचे अध्यक्ष नेमले. आता आपलं माणूस आत बसलं, असे कलाबाईंनी गल्लीभर सांगून टाकले. पहिल्या तीन बैठका 'हंगामी' या संज्ञेची व्याख्या करण्यात गेल्या. घाईने अन्याय होऊ नये, म्हणून चौथी एप्रिलात ठेवली.

ती आटोपल्यावर कलाबाई ओल्या हातांनी समोर येऊन उभ्या राहिल्या. "मनं काय व्हयनं, बाई?"

उज्ज्वलाबाईंचा चेहरा खरोखरच आनंदाने फुलला होता.

"जागा कायम झाली, कलाबाई. आता तिच्यासाठी बाई शोधायचीय. पंचेचाळिशीच्या आतली कुणी आहे का तुमच्या पाहण्यात?"