आगाशेकाका आणि एक क्रियापद

गुरुग्राममधल्या आमच्या टॉवरमध्ये इंग्रजी 'गो' हा शब्द आगाशेकाकांसमोर कोणी काढत नाही. काढलाच, तर लिफ्ट तळाला पोचेपर्यंत सुटका नाही.

काका माझ्या समोरच्या फ्लॅटमधले. केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक होते, निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा अभय टोरंटोला. उरलं हे क्रियापद. "मूळ बघा वृंदाताई, मूळ," ते म्हणतात. "दूध नासलं तरी 'गोज बॅड', अलार्म वाजला तरी 'गोज ऑफ'. आणि एवढ्या कर्त्या क्रियापदाला स्वतःचा भूतकाळ नाही! जुना होता तो मेला, मग 'वेंड' नावाच्या शेजाऱ्याचा 'वेंट' उचलून आणला. वेंड म्हणजे वळणं."

गेटवरच्या गार्डलाही त्यांनी एकदा विचारलं होतं, "भैया, ये वेंट कहाँ से आया, मालूम है?" गार्डने रजिस्टर चाळून सांगितलं, "एंट्री नहीं है, सर."

मी शहाणी. ऑफिसची कॅब आली की इथल्या लोकांसारखं नुसतं "चलती हूँ" म्हणायची. एकदा काका विचारात पडले. "चल् धातू. तोही बघायला हवा." त्या दिवशी कॅब चुकली.

हे वेड लावलं नातीने. सई पाच-सहा वर्षांची असताना तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, 'प्ले'चं 'प्लेड', तर 'गो'चं 'गोड' का नाही म्हणायचं, 'वेंट' का? काकांना उत्तर येईना. चाळीस वर्षं अनुवाद केलेल्या माणसाला ते लागलं. त्यांनी पुस्तकं मागवली, आणि मग दर रविवारी पोरीला नवं काहीतरी सांगायला लागले. ती मोठी झाली तसे कॉल आखडत गेले.

या डिसेंबरात ती मैत्रिणीच्या लग्नासाठी दिल्लीत आली आणि परतीच्या दिवशी दुपारी आजोबांकडे येणार होती. आधी अभयचा फोन आला: बाबा, प्लीज, शब्दांचं पुराण लावू नका, ती बोअर होते. काकांनी ते आदेशासारखं घेतलं. मला बोलावून म्हणाले, "तुम्ही टेबलाशी माझ्या शेजारी बसा. घसरलो तर पायावर पाय द्या."

सई आली. एकोणीस वर्षांची, मोकळी, मराठी थोडं अडखळत. शंकरपाळे खाता खाता म्हणाली, "काल वी वेंट टू आग्रा." मी पाय उचलला. गरज पडली नाही. काकांनी एक शंकरपाळा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि विचारलं, "टोरंटोला थंडी कितपत असते?" मग बर्फाबद्दल विचारलं. मग तिकडच्या उन्हाळ्याबद्दल. ती उत्तरं देत राहिली, मग फोनमध्ये बघायला लागली. कॅब आली.

तिला सोडायला मी खाली उतरले. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "मावशी, आजोबा बरे आहेत ना? पूर्वी किती बोलायचे. मी कॉलेजमध्ये लिंग्विस्टिक्स घेतलंय, त्यांच्यामुळेच. त्यांना सांगणार होते. पण त्यांना आता इंटरेस्ट नाही वाटतं."

अभयचा फोन, पायावर पाय, सगळं मी तिला तिथेच सांगून टाकलं. वर परत चल म्हटलं, पण विमानाची वेळ झाली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मी वर आले. काका दारातच उभे होते, परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखे. "एकदाही घसरलो नाही ना?"

लपवाछपवी मला जमत नाही. त्यांनाही सांगितलं.

"लिंग्विस्टिक्स? भाषाशास्त्र?" ते म्हणाले. "आपणहून घेतलं?"

"तुमच्यामुळे, म्हणाली."

टेबलावरचा त्यांचा फोन मी त्यांच्या हातात दिला. "लावा. अजून कॅबमध्येच असेल ती."

त्यांनी तिचं नाव काढलं. अंगठा बटणापर्यंत नेला. मग फोन हळूच खाली ठेवला.

"आठवडाभर हवामानच पाठ केलंय हो," ते म्हणाले. "दुसरं काही आता तोंडात येत नाही."