जागा धरून ठेवा, लेक आणतो

"मेघनाला बाळंतपणाला आणायची ती आपल्या स्वतःच्या गाडीतून! रिक्षा नाही, भाड्याची टॅक्सी नाही, कोणाची मागून आणलेली नाही. आपली!"

चांगदेवने हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या घरात गाडी सोडा, गाडीची किल्ली अडकवायला खिळासुद्धा नव्हता. पण गडी बोलला ते करून बसला. लेकीला सहावा महिना लागायच्या आत डोंबिवली पश्चिमेला त्यांच्या बिल्डिंगखाली राखाडी रंगाची छोटीशी गाडी येऊन उभी राहिली. सेकंडहॅन्ड, पण चारच वर्षांची. विकणारा म्हणाला, ठाण्यातल्या डॉक्टरीणबाईंची आहे, घर ते दवाखाना एवढीच चाललीय. आता विकायला निघालेली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरीणबाईंचीच कशी असते, हे विचारायचं नसतं. चांगदेवनेही विचारलं नाही.

बायकोने, कांताने, आधी समोर लटकणारी लिंबू-मिरची काढून टाकली. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, दोन फुलं ठेवली. मग शेजारच्या सीटवर बसून वरची झडप खाली केली आणि ओरडलीच, "अहो, इथे आरसा आहे! त्याला दिवा पण आहे!"

"हे काहीच नाही," चांगदेव म्हणाला. "मागे न बघता मागचं दिसतं या गाडीत. टीव्ही आहे पुढे! मान वळवायचं कामच नाही."

कांताने मागच्या सीटवर जुन्या साड्यांची गोधडी अंथरली, दोन उशा ठेवल्या आणि त्या रिकाम्या सीटकडे बघत बसली. मेघना लग्न होऊन ठाण्याला, कोलशेतला गेलेली. कोलशेत म्हणजे काय परदेश नाही हो! पण नोकरी, सासर, दोनदा बदलायच्या रिक्षा, यात आई-लेकीची भेट सणासुदीलाच. मेघना ऑफिसातून यायची त्या वेळेला कांताच्या हातून अजूनही एक कप चहा जास्त टाकला जायचा. मग तो तीच प्यायची, गार झाल्यावर. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार, चार-पाच महिने हक्काने घरात असणार, या एका गोष्टीवर बाईचा सगळा जीव अडकलेला.

इथवर सगळं छान होतं. घोडं पेंड खात होतं ते पार्किंगमध्ये.

सोसायटीत जागा मोजक्या, गाड्या रग्गड आणि नियम एकच: ज्याची गाडी उभी, त्याची जागा! हलली की गेली! चांगदेवला नशिबाने जिन्यालगतची जागा मिळाली आणि त्या दिवसापासून गाडी चाकभरही हलली नाही. कारण तिसऱ्या मजल्यावरचा स्वानंद. त्याची गाडी बाहेर रस्त्यावर, नारळाच्या झाडाखाली. बिचारा गॅलरीत उभा राहून एक डोळा नारळावर आणि एक डोळा या जागेवर ठेवायचा.

"काय काका, रविवार आहे, काकूंना कुठे फिरवत नाही?" तो दर रविवारी गोड विचारायचा.

"बघू!" चांगदेव म्हणायचा आणि गाडीच्या टपावर हात ठेवायचा.

म्हणून मग दोघं नवराबायको उभ्या गाडीतच फिरू लागले. संध्याकाळी थर्मास घेऊन खाली यायचं, इंजिन बंद ठेवून पंखा लावायचा, गाणी लावायची, समोरच्या मीटरच्या पेट्या बघत चहा प्यायचा. तिथूनच कांता लेकीला व्हिडिओ कॉल करायची.

"अय्या आई, गाडीत? कुठे चाललात?"

"कुठे नाही गं. आहे तिथेच."

"मग मला न्यायला कधी येताय?" मेघना विचारायची, आणि कांता फोन गोधडीकडे फिरवायची. "ही बघ, तुझी जागा करून ठेवलीय."

अखेर सातवा लागला आणि रविवार ठरला. शनिवारी रात्री जेवताना चांगदेव घसा खाकरून म्हणाला, "कांता, मी काय म्हणतो, तू खाली जागेवर बादली घेऊन बस. मी एकटा जाऊन आणतो तिला. किंवा असं करू, दोघं टॅक्सीनेच जाऊ. गाडी काय, नंतर आहेच की!"

कांताच्या हातातला घास ताटात पडला. "लेक माझी आहे की बादलीची? महिनाभर त्या खटाऱ्यात बसून चहा प्यायले ते कशासाठी? आता मेघना घरात पाऊल टाकेपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही!"

आणि बोलली नाही. बाई शब्दाची पक्की.

रविवारी सकाळी आंबिवलीहून कांताची धाकटी बहीण शकू आली. तिला जागा राखायला बोलावलेली. शकू म्हणजे साधं प्रकरण नाही. भांडणात तिच्यापुढे कोणी उभं राहत नाही, आणि स्वतः बसायला ती प्लास्टिकची खुर्ची, मेथीच्या जुड्या आणि छत्री घेऊन आलेली.

"दाजी, निर्धास्त जा. ट्रक आला तरी उठणार नाही!"

चांगदेवने ऐटीत किल्ली फिरवली. गाडी कण्हली आणि गप्प झाली. महिनाभर उभ्या गाडीत गाणी ऐकल्यावर बॅटरी काय आभार मानणार? तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. स्वानंद! पायजम्यावर, दाताला ब्रश, पण चेहऱ्यावर काय तो आनंद!

"काका, टेन्शन नको! मी धक्का मारतो ना!" आणि त्या पोराने एकट्याने गाडी गेटबाहेर ढकलली. सख्ख्या मुलाने एवढं केलं नसतं. गाडी सुरू झाली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या आणि तो वळला, तर जागेत खुर्ची टाकून शकू मेथी निवडत होती.

कांता मुद्दाम मागे बसलेली, गोधडीशेजारी. माणकोली पूल गेला, खारेगाव गेलं, माजिवडा गेला. चांगदेवचे दोन्ही हात स्टिअरिंगला असे घट्ट, की नाकावर माशी बसली तरी त्याने उठवली नाही. कोलशेतच्या त्या टोलेजंग कॉम्प्लेक्समध्ये पाहुण्यांसाठी वेगळं पार्किंग होतं. आणि रिकामं! चांगदेवच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुठल्या जागेत लावू आणि कुठल्या नको, असं त्याला झालं.

वर मायलेकींची गळाभेट झाली, चहा-पोहे झाले. मग जावई सिद्धेश बॅगा घेऊन खाली निघाला, त्याच्याबरोबर चांगदेवही. "तुम्ही बसा पप्पा, मी ठेवतो," सिद्धेश म्हणाला. डिकी भरली, उरलेल्या पिशव्या मागच्या सीटवर गोधडीवर मधोमध टपापर्यंत रचल्या. चांगदेव पुढे स्टिअरिंगशी बसला, आणि फोन वाजला. शकू!

"दाजी, मला वर जावं लागेल हो. पोटात कळ आलीय. आणि हा स्वानंद किती गुणी पोरगा! म्हणतो, मावशी तुम्ही जा, मी बसतो खुर्चीवर."

"शकू! नको! दम धर! मी निघालोच!"

तेवढ्यात मागचा एक दरवाजा लागला, धप्प. मग दुसरा, धप्प. "बसलात का?" त्याने विचारलं. उत्तर नाही. उत्तर कसं येणार, अबोला आहे ना! आणि लेक आईच्याच बाजूची. आरशात बघावं तर नुसत्या पिशव्या. चांगदेवने गाडी काढली ती सुसाट.

पिशव्या रचून, दोन्ही दरवाजे लावून सिद्धेश मेघनाला आणायला लिफ्टपाशी पोहोचला होता. मागे वळून बघतो तर सासरे गायब!

माजिवड्याला पुढच्या पडद्यावर नाव झळकलं: मेघना. गाडीभर घंटी घुमली.

"अगं पोरी, मागे बसून फोन कशाला करतेस? तोंडाने बोल की! आईने शपथ घातली काय तुला पण?" घंटी बंद झाली. मग कांताचं नाव आलं. "बघ! आता ही पण! फोनवर बोललं की अबोला मोडत नाही होय?" मग सिद्धेशचं नाव आलं. "राहिलं असेल काहीतरी. नंतर आणू!" चांगदेव म्हणाला. पडद्यावरचा फोन उचलायचा कसा, हे त्याला माहीत नव्हतं, आणि हात सोडायची हिंमतही नव्हती.

खारेगाव मागे पडल्यावर त्याला आपोआप कंठ फुटला. "कांता, ऐकतेस ना? चुकलं माझं. जागेपायी मी वेडाच झालो. पण तुला सांगू? ही पोरगी सासरी गेली ना, तेव्हा टॅक्सीच्या काचेतून तिने हात केलेला. भाड्याची टॅक्सी. तेव्हाच म्हटलेलं मी मनात, परत आणीन ती आपल्या गाडीतून. तुला कधी बोललो नाही." त्याने आरशातल्या पिशव्यांकडे बघितलं. "मेघना, झोपलीस काय गं? झोप, झोप."

पिशव्या गप्प होत्या.

बिल्डिंगच्या गेटात शिरला, तर शकू पोट आवळून, ओठ चावून, पण खुर्चीवरच! गाडी बरोब्बर जागेत लागली. शकू तशीच जिन्याकडे पळाली. चांगदेवने दोन्ही हात वर केले, जिंकल्यासारखे. स्वानंद कितीही झालं तरी चांगल्या घरचा. उतरलेल्या चेहऱ्यानेच पुढे आला आणि ताईसाठी मागचा दरवाजा उघडला. दोन पिशव्या आणि एक उशी त्याच्या पायावर पडली.

"काका, ताई कुठेय?"

चांगदेवने आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत मान वळवून मागे बघितलं. गोधडी होती. पिशव्या होत्या.

फोन पुन्हा वाजला. या वेळी स्वानंदने पडद्यावर बोट ठेवलं आणि कांताचा आवाज साऱ्या पार्किंगमध्ये घुमला. "अहो! लेकीला न्यायला आलात की पिशव्या न्यायला? पोर माझी लिफ्टपाशी उभी राहून हसतेय आणि रडतेय! आम्ही टॅक्सी करतोय!"

"नको! कांता, टॅक्सी नको! हात जोडतो, तिला टॅक्सीत बसवू नकोस! मी आलोच!"

चांगदेवने किल्ली फिरवली. समोर स्वानंद उभा होता, एक डोळा जागेवर ठेवून. चांगदेवने त्या जिन्यालगतच्या जागेकडे एकदा डोळे भरून बघितलं.

"लाव रे तुझी," तो म्हणाला आणि गेटबाहेर पडला.

संध्याकाळी परत आले तेव्हा पिशव्या पुढच्या सीटवर होत्या आणि मेघना मागे आईच्या खांद्याला टेकून बसलेली, पाय गोधडीवर. जिन्यालगत स्वानंदची गाडी पुसून-बिसून उभी होती. बाहेर गल्लीत बोट शिरायला जागा नाही. मग काय, निघाली वरात! स्टेशनकडे वळसा, मग भागशाळा मैदानाकडून, पुन्हा गल्लीत, पुन्हा बाहेर. महिनाभर खांबासारखी उभी राहिलेली गाडी पहिल्यांदाच गाडीसारखी हिंडत होती. मेघना खिडकीतून बघत होती. "अय्या, शाळा! आई, ते पाणीपुरीवाले काका अजून आहेत!" कांता तिचे केस मागे सारत होती आणि हसत होती. फोनवर ओरडली तेवढंच, समोरासमोर अबोला चालूच होता. पण लेकीने अजून घरात पाऊल टाकलेलं नाही, हे ती साफ विसरली आणि आपणहून म्हणाली, "गाडी गुळगुळीत चालते हो तुमची."

इतक्यात अगदी गेटासमोर एक गाडी निघाली. ऐसपैस जागा झाली!

"पप्पा, जागा!" मेघना ओरडली. "पप्पा, अहो, डावीकडे! गेली! गेली ना!"

"कुठे?" चांगदेव गाडी पुन्हा शाळेकडे वळवत, रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "मला नाय दिसली."

मग गाडी लावायला मिळाली ती थेट खाडीजवळ. लेकीला आणि आईला रिक्षाने घरी पाठवावं लागलं, आणि पिशव्या चांगदेवने डोक्यावर घेऊन आणल्या.