पाणी आरपार जातं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने घड्याळंच दुरुस्त करावीत. पण आमच्या घड्याळजींना त्या शुक्रवारी बायकोला खूश करायची सुरसुरी आली.

धाकट्या मेहुणीचं लग्न तोंडावर आलं होतं. बायको सहज म्हणाली होती, "नेलपॉलिशची हौस आहे हो, पण दर नमाजेला खरवडत कोण बसणार? वजूत हात-तोंड धुताना नखांना पाणी लागायला हवं ना." घड्याळजींनी हे लक्षात ठेवलं (एरवी ठेवत नाहीत). दुकानदाराने लालभडक बाटली पुढे केली. "ही खास आहे. पाणी आरपार जातं."

घरी आले तर बायको लग्नाच्या खरेदीसाठी मुक्कामाला आलेल्या आईबरोबर बाजारात गेलेली आणि सासरे बाहेरच्या खोलीत शुक्रवारच्या नमाजेसाठी टोपी घालून तयार.

"जावईबापू, आज पहिल्या ओळीत बसायचं. मागच्या खेपेला तुमच्या पायी मी चपलांपाशी बसलोय."

"आज नाही बसणार, अब्बा." (आज चुकलं की सासुरवाडीत उरलीसुरली पतही गेली, हे ते जाणून होते.)

पण बायकोच्या हातात खोटा माल कसा द्यायचा? त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं आणि डाव्या हाताचं एक नख रंगवलं. एका नखावरून काय कळतंय, म्हणून सगळा पंजा रंगवला. वाळल्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब नखावर ऐटीत बसून राहिला. नळाखाली हात धरला, तर नखं आणखीच चमकली.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की अडकलाय तो स्वतःचाच वजू.

रंग काढायचं औषध घरात असणार कुठून? साबण झाला, तेल झालं, दाढीचं ब्लेड झालं. अंगठा तेवढा सोलला.

"जावईबापू!"

"आलोच!"

"आलोच काय आलोच! आत काय विहीर खणताय?"

घड्याळजी हात खिशात कोंबून मागच्या जिन्याने खालच्या ब्यूटी पार्लरच्या पडद्याशी पोचले.

"ताई, नेलपॉलिश पुसून मिळेल?"

"मिळेल की. पाठवा वहिनींना."

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. आतल्या बायकांनी माना वळवल्या. पार्लरवाली हसली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. तिने कापूस भिजवला. शेवटचं नख पुसून होतं न होतं तोच त्यांना शोधत आलेल्या सासऱ्यांची दाढी पडद्यातून आत आली.

"जावईबापू, इथे?"

"अब्बा, वजूसाठी... नखं साफ..." (खोटं एक अक्षरही नव्हतं.)

सासऱ्यांनी ती स्वच्छ नखं निरखून पाहिली. मग म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. "आणि मी तुम्हाला आळशी समजत होतो!"

पहिली ओळ मिळाली. घरी आल्यावर बायकोने बाटली हातात घेतली, सगळी हकीकत ऐकली आणि पदर तोंडाला लावून हसली.

"अहो, लग्नाच्या दिवशी आधी वजू करीन आणि मग लावीन. एवढं मला विचारलं असतं तर?"

घड्याळजींना त्याचं फार वाईट वाटलं नाही. सासऱ्यांच्या नजरेत तर आपण चढलो! किती चढलो, ते पुढच्या शुक्रवारी कळलं. मशिदीच्या नळांवर ते बाह्या सरसावून बसतात न बसतात तोच शेजारचा अनोळखी इसम अदबीने सरकला आणि म्हणाला,

"या, या. पार्लरला जाऊन वजू करणारे जावई ते तुम्हीच ना? तुमचे सासरे सगळ्यांना सांगत होते."