सुकटीचे शाकाहारी प्रचारक

लासूरकर काकांनी जन्मात कधी सुकट खाल्लेली नाही. पण तिच्यात काय काय असतं हे त्यांच्याइतकं आमच्या अख्ख्या सिडकोत कुणाला ठाऊक नसेल. सुकट म्हणजे खारवून वाळवलेले बारीक झिंगे. आमच्याकडे ती दर पंधरवड्याला होते आणि ती झाली हे बिल्डिंगला वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही आपली भाकरीशी खातो, हात धुतो आणि विसरतो. काका न खाता पाठ करतात.

आषाढातली गोष्ट. सकाळी मी दूध घेऊन येत होते तर काका गेटपाशी उभे. अंगात पांढराशुभ्र लेंगा-झब्बा, कपाळावर ताजं गंध आणि हातात सांडशी. सांडशीत सुकटीचं सीलबंद पाकीट.

"साळुंकेबाई, जरा इत्मिनानानं ऐका." काकांचं बालपण जुन्या शहरातल्या गुलमंडीत गेलं, त्यामुळे त्यांच्या तोंडात संध्या आणि उर्दू सुखानं शेजारी नांदतात. "हे मागं काय छापलंय बघा. प्रथिनं बघा. कॅल्शियम बघा, दूध लाजेल! चव सोडा, गुण बघा!"

"पण काका, पाकीट बंद आहे. मग सांडशी कशाला?"

"गुण मान्य आहेत. स्पर्शाचा अभ्यास चालू आहे."

त्या दिवसापासून 'चव सोडा, गुण बघा' हे वाक्य इस्त्रीवाल्यापासून सिलिंडरवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरचा विषय निघाला, तेव्हा काका उठून उभे राहिले आणि सुकटीतल्या लोहावर बोलले. चेअरमन काकुळतीला येऊन म्हणाले, "काका, पाण्याचं बोला ना." त्यावर काका म्हणाले, "तिकडंच येतोय. सुकट तीन पाण्यांनी धुतली पाहिजे."

कारण काकांच्या मते त्या गुणी बाळात एकच अवगुण होता, तो म्हणजे मीठ. "सोडियम फार. मामला गंभीर आहे." म्हणून सरावासाठी ते रोज खाली गेटपाशी मूठभर सुकट सांडशीनं भिजत घालत, पाणी बदलत, पुन्हा भिजवत. आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. लोक भाजी धुतलेलं पाणी फरशीला वापरतात, आणि हे सुकटीला मंगलस्नान घालणार! बरं, ते पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गेटजवळच्या जास्वंदीला घातलं. आठ दिवसांत जास्वंद वारली.

पाकीट आणलं कुठून, ते आमच्या ह्यांनी पाहिलं होतं. जाफर गेटच्या आठवडी बाजारात काका हेल्मेट घालून, काच खाली ओढून, सुक्या मासळीच्या दुकानासमोर उभे होते. काचेतून गंध डोकावत होतं. दुकानातली बाई म्हणाली, "मामा, चुकला तुम्ही. पूजेचं सामान तिकडं पुढं हाय."

"मला सुकट हवी आहे."

तिनं सुट्या ढिगात माप घातलं तर काका म्हणाले, "सुटी नको, पाकिटातली द्या. सुट्या मालावर सोडियम लिहिलेलं नसतं."

"लिवायचं कशाला? खारट तर हाय ना," बाई म्हणाली आणि मागचं पाकीट काढून दिलं.

मग एक दिवस काका थेट माझ्या दारात आले. "कृती सांगा. तोंडी नको, मुद्देसूद."

मी म्हटलं, "सोपं आहे. आधी कांदा..."

"कांदा नाही. चातुर्मास आहे."

"बरं, मग लसूण..."

"तेच ते."

मी कमरेवर हात ठेवले. "काका, तुम्हाला चातुर्मासात सुकट चालते आणि कांदा चालत नाही?"

"सुकट औषध आहे," काका शांतपणे म्हणाले. "कांदा औषध नाही."

मला हसू आवरेना. पण काका हसले नाहीत. ते पायरीवर बसले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस इतके दिवस भाषणं देतोय ती नेमकी त्यांच्या स्वतःच्या गॅलरीखाली उभं राहून, आणि तोंड वर करून.

वर असते शीतल, त्यांची सून. सोयगावकडच्या शेतकरी घरातली मुलगी. लग्न दोघांनी आपापलं ठरवलेलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नुकताच हैदराबादला बदलून गेलेला, आणि शीतलला चौथा महिना, म्हणून ती इथंच. अन्न म्हणून पोटात ठरत नव्हतं. वजन वाढत नाही, प्रथिनं खा, मीठ जपून खा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. काका विचारायचे, काय खावंसं वाटतं? ती म्हणायची, काही नको बाबा.

"मागं एकदा आईशी फोनवर बोलत होती," काका म्हणाले. "म्हणाली, सुकट-भाकर खावी वाटती गं. आई म्हणाली असेल, पाठवते. तर ही म्हणाली, नको, ह्यांच्या घरात चालायचं नाय." काकांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांच्या घरात म्हणाली, साळुंकेबाई. वर्ष झालं लग्नाला. मी समोर जाऊन सांगितलं तर लाजून नाहीच म्हणेल. म्हणून म्हटलं, शास्त्राच्या बाजूनं जावं."

माझा सगळा चेष्टेखोरपणा जागच्या जागी बसला. मी म्हटलं, "काका, मी करून आणते. तासाभरात डबा देते."

"नको. तुमच्याकडून आली तर ती पाहुण्यासारखी खाईल. आमच्याकडे शिजली पाहिजे."

"मग गॅलरीत शेगडी मांडू. घरात वास नको."

"गॅलरीत सुकट शिजवली, की सूनही गॅलरीतलीच झाली," काका म्हणाले. "स्वयंपाकघरात."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यापाशी भाकरी थापत होते आणि काका नाकाला उपरणं बांधून कढईपुढे उभे होते. सांडशी नव्हती. तीन पाण्यांनी धुतलेली सुकट त्यांनी दोन्ही हातांनी पिळली. डोळे मिटून, पण पिळली. मी बेसावध असताना त्यांनी आमटीच्या सवयीनं गोडा मसाला घातला आणि वर गुळाचा खडा टाकला. मी ओरडेपर्यंत तो विरघळलासुद्धा.

वास आतल्या खोलीत गेला आणि शीतल दारात आली. कढईकडे बघितलं, सासऱ्याच्या उपरण्याकडे बघितलं आणि येऊन बसली. काकांनी ताट वाढलं. शेजारी स्वतःचा वरणभात वाढून घेतला, उपरणं सोडलं आणि तिच्याशेजारी बसले. त्यांचा चेहरा हिरवट झाला होता, पण उठले नाहीत.

तिनं पहिला घास घेतला. "बाबा, गूळ घातला?"

"प्रमाणात."

ती हसली. वर्षभरात तिचं असं खळखळून हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या भयंकर पदार्थाबरोबर ती दोन भाकरी खाऊन उठली. माझ्या माहेरचं कुणी असं जेवलं असतं तर मी दृष्ट काढली असती.

"लई भारी झाली," ती म्हणाली. "उद्या मी करते."

"जरूर. कांदा तेवढा कार्तिकीनंतर घालू," काका म्हणाले.

ताटं उचलली गेली. शीतलनं कढई उचलली. मग हळूच म्हणाली, "बाबा, ही कढई आता वेगळी कुठं ठेवू?"

काकांनी ती तिच्या हातातून घेतली. नीट घासली, धुतली, लेंग्याला हात पुसले. मग त्याच कढईत संध्याकाळच्या पिठल्यासाठी तेल घातलं आणि गॅस पेटवून तिला म्हणाले, "मोहरी दे."