स्वयंपाकघरातली रेंज

"आवाज आला तर हो म्हण, नाही आला तर खांबावर चढ!"

मुकादमांचा तो खणखणीत आवाज निवृत्त लाईनमनच्या कानात चाळीस वर्षांनीही घुमत होता. आयुष्यभर गावाच्या टेलिफोनच्या तारा जोडल्या, आणि स्वतःच्याच लेकीचा फोन दर रविवारी स्वयंपाकघरात तुटावा? "आज सोक्षमोक्ष लावतोच!" त्यांनी जाहीर केलं.

लेकीला आज उत्तर हवं होतं. आईबाबा कायमचे राहायला येणार असतील, तर ती मोठं घर भाड्याने घेणार होती. पण तिने विचारलं रे विचारलं, की आईचं "हॅलो, हॅलो" सुरू, आणि फोन गतप्राण! लेकीसाठी बायको आतल्या आत झुरतेय, या विचाराने लाईनमनचा जीव तीळ तीळ तुटायचा.

त्यांनी खालच्या शिवणवाल्या ताईंचा फोन मागून आणला, शेजारच्या डॉक्टरांचा आणला, स्वतःचा घेतला. तीन कंपन्यांचे तीन फोन ओट्यावर मांडून लेकीला एकाच कॉलवर घेतलं.

"एक... दोन..."

तिन्ही फोन असे किंचाळले, जणू तीन मांजरांच्या शेपटीवर एकदम पाय पडला!

"बाबा, लांब लांब ठेवा ना!"

डॉक्टरांचा फोन चपलांच्या कपाटावर गेला, स्वतःचा घेऊन लाईनमन गच्चीवर. ताईंचा ओट्यावरच राहिला. घर शांत झालं. बायकोला वाटलं, सुटले बाई, बंद पडले सगळे!

तेवढ्यात ताई आल्या. "वहिनी, झाला का फोन तपासून?"

"कसलं तपासणं! रेंज ठणठणीत आहे हो. पोरीने 'या' म्हटलं की मीच कापते. मला नाही हे घर सोडवत. पण यांना नातवंडांची ओढ, यांचं मन कसं मोडू?"

"आई!" ओटा बोलला.

बायकोच्या हातातला डाव टणकन खाली पडला. ताईंनी तोंडावर पदर घेतला.

"दर रविवारी तू कापत होतीस? बाबा, ऐकताय ना? तुम्हाला तरी यायचंय का?"

भल्याभल्या खांबांवर न डगमगलेला माणूस गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"हॅलो? बाबा?"

"आहे गं, आहे." त्यांनी डोळे मिटले आणि असे ओरडले, की फोन नसता तरी लेकीला ऐकू गेलं असतं. "मलाही नाही यायचं! तुझ्या आईला यायचंय असं वाटलं, म्हणून गप्प होतो!"