हॉटेल मध्यवर्ती हवं

आमच्या शेजारचे दिघेकाका परगावच्या हॉटेलापाशी पोचले की लगेच आत जात नाहीत. रस्त्यावर उभे राहतात आणि वाहतूक पोलिसासारखे चारी दिशांना हात करतात. "हा बाजार, हे देऊळ, हा बस स्टँड आणि तो बघा, दरिया! याला म्हणतात मध्यवर्ती!" मागे रिक्षावाला आमच्या बॅगा घेऊन ताटकळत असतो.

दर हिवाळ्यात आमची दोन्ही घरं मिळून बडोद्याहून पोरबंदरला जातात. हॉटेल काकाच ठरवतात. चादरीला भोक असलं तरी चालेल, गिझर रुसला तरी चालेल, "पण मध्यवर्ती हवं. मला चालवत नाही." हे ऐकून मला हसू येणारच. कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेला हा माणूस रोज सकाळी पायी खंडेराव मार्केटला जातो आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन पायीच परततो. रिक्षा करा म्हटलं तर अपमान झाल्यासारखा बघतो. पोरबंदर आलं की मात्र गुडघा धरतो. "काका, तुमचा गुडघा फक्त सहलीला आला की दुखतो," असं मी तोंडावर म्हणायचो. "हसा, हसा. माझ्या वयाचे व्हा, मग कळेल."

समुद्राचं खरं वेड काकूंना. त्या मालवणच्या. लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि समुद्र तुटला. वर्षभर या चार दिवसांची वाट बघतात. पण स्वभाव मानी. "माझ्यापायी कुणाचा खोळंबा व्हायला लागला की मी यायचं बंद करणार," असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय, आणि त्या बोलतात तसं करतात.

यंदा काउंटरवर मॅनेजर म्हणाला, खालची खोली लग्नाच्या वऱ्हाडाला दिलीय, वरची घ्या. लिफ्ट नाही. काकांनी लगेच गुजराती सुरू केली. काकूंपासून काही लपवायचं असलं की ते गुजरातीत शिरतात, कारण काकूंनी इतक्या वर्षांत गुजरातीचा एक शब्द तोंडातून काढलेला नाही. भाजीवालीशीही त्या मराठीतच भांडतात. तेव्हा काकू मागच्याच सोफ्यावर बसलेल्या असताना काका खुशाल म्हणाले, "भाई, मारां मिसिसथी दादरा नथी चढाता. पण एमने खबर न पडे, हों! पूछे तो कहेजो, साहेबना घूंटण खराब छे."

म्हणजे जिना चढवत नव्हता तो काकूंना, आणि ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं. साहेबांचे गुडघे ठणठणीत होते. इतकी वर्षं मी चुकीच्या गुडघ्याची थट्टा करत होतो. मॅनेजरने एकदा सोफ्याकडे पाहिलं आणि वऱ्हाडाला वर पाठवलं.

संध्याकाळी चौपाटीवर निघालो. काका उजव्या पायाने लंगडत, "हळू चल गं, माझा गुडघा!" आणि काकू त्यांचा उजवा हात धरून, "या, सावकाश या." अशी आमची वरात. पाण्याजवळच्या कट्ट्यावर काकू टेकल्या. तेवढ्यात काकांना दाणेवाला दिसला आणि ते ताडताड त्याच्याकडे निघाले. काकूंना दिसू नये म्हणून मी घाईघाईने लांबची एक होडी दाखवली.

"होडी राहू द्या," काकू म्हणाल्या. "येताना लंगडतील परत."

"म्हणजे तुम्हाला..."

"भाजीवालीशी भाव करताना मी काय कान बंद ठेवते? सगळं कळतं मला गुजराती. पण त्यांना सांगू नका हं. मला कळलंय हे त्यांना कळलं, तर यायचं बंद करावं लागेल. बोलून बसलेय ना मी." मग समुद्राकडे बघत हळूच म्हणाल्या, "आणि मला अजून यायचंय हो."

मी होडीकडे केलेलं बोट खाली घेतलं.

काका दाण्यांच्या पुड्या घेऊन झपाझप येत होते. कट्टा जवळ आला तसा त्यांना गुडघा आठवला आणि ते लंगडू लागले. या वेळी डाव्या पायाने.

काकूंनी ते पाहिलं. कट्ट्याला रेटा देऊन उठल्या आणि निमूटपणे काकांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"या," म्हणाल्या, "धरा माझा हात."